जपानी घड्याळ घ्यायचंय? कामासूपासून स्नोफ्लेकपर्यंत काय काय मिळतं

आज माझ्या मनगटावर ओरिएंटचं कामासू आहे. कपाटात बाबांचं एचएमटी जनता आहे, सीकोचं एसपीबी१४३ आहे आणि दोन वर्षं पैसे साठवून घेतलेलं ग्रँड सीकोचं एक क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं घड्याळ आहे. घड्याळांचा नाद आहे हे कळलं की लोक विचारतात, "जपानी घ्यायचंय, कुठलं घेऊ?" आणि लगेच बजेट सांगतात. मी आधी विचारतो, घालून जाणार कुठे? पाण्यात, ऑफिसात, की रात्री दिव्याखाली काढून बघत बसायला हवंय? जपानी घड्याळांत किमतीच्या प्रत्येक पायरीला वेगळी वस्तू मिळते. वीस हजारांत मजबुती मिळते, लाखाच्या आसपास घडण आणि इतिहास मिळतो, त्याच्या बऱ्याच वर गेलं की माणसाच्या हाताचं काम मिळतं. आपल्याला यातलं नेमकं काय हवंय ते ठरलं, की निम्मी निवड झाली.

तसं जपानी घड्याळ आपल्या घरांना नवं नाही. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली बंगळुरूत उभा राहिला तो जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. बाबा रोज सकाळी दाढी झाली की ज्या 'जनता'ला किल्ली द्यायचे, त्याच्या मशीनचा मूळ आराखडा सिटिझनचाच.

स्वस्तातले तीन डायव्हर

साधारण वीस ते पस्तीस हजारांच्या घरात तीन नावं समोर येतात: सीको ५ स्पोर्ट्स, ओरिएंट कामासू आणि सिटिझन प्रोमास्टर एनवाय००४०. फोटोत तिन्ही डायव्हर, म्हणजे पाण्याखाली वापरायच्या घड्याळांसारखी, एकसारखीच दिसतात: काचेभोवती फिरणारी कडी (बेझेल), जाड काटे, अंधारात चमकणारं रेडियम. प्रत्यक्षात तिन्ही वेगळी आहेत.

सीको ५ स्पोर्ट्समध्ये बरेच जण फसतात. १९९६ साली आलेलं सीकोचं एसकेएक्स००७ हे अस्सल डायव्हर होतं. २०० मीटरपर्यंतच्या पाण्याला टिकणारं, स्क्रूसारखी फिरवून घट्ट करायची चावी असलेलं, आयएसओ ६४२५ हे डायव्हर घड्याळांचं मानक पूर्ण करणारं. २०१९ मध्ये सीको ५ स्पोर्ट्स नव्या रूपात आलं ते जवळपास त्याच चेहऱ्याने. आत ४आर३६ हे सुधारलेलं मशीन आलं. एसकेएक्समध्ये चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नसे आणि हाताने किल्ली देता येत नसे, नव्यात दोन्ही जमतं. पण पाण्याची मर्यादा १०० मीटरवर आली आणि चावी नुसती दाबून बसणारी झाली. पोहायला चालेल, पण हे घड्याळ डायव्हर नव्हे. मग ते घ्यावं कुणी? ज्याला घड्याळ उघडून भाग बदलायची हौस आहे त्याने. याच मशीनचा एनएच३६ हा भाऊ सुटा मिळतो. काटे, तबकडी, काच, बेझेल सगळं बदलता येतं. ४२.५ मिलिमीटर मोठं वाटत असेल तर २०२३ पासून याचीच ३८ मिलिमीटरची आवृत्तीही आहे, आणि बारीक मनगटाला ती फार छान दिसते.

कामासूची जमेची बाजू म्हणजे सफायर काच. या किमतीत ती सहसा मिळत नाही. माझं घड्याळ लोकलच्या दाराच्या दांड्याला, ओट्याच्या कडप्प्याला, स्कूटरच्या आरशाला आपटून झालंय. केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या अंगावर, चरे आहेत, काचेवर एकही नाही. २०० मीटर, स्क्रूची चावी, सेकंदकाटा थांबतो, किल्लीही देता येते. कमी कुठे पडतं? आयएसओचा शिक्का नाही आणि सोबतची चेन हलकी, जरा खुळखुळणारी आहे. मी पहिल्याच आठवड्यात रबरी पट्टा लावला.

सिटिझनचं एनवाय००४० या तिघांत सगळ्यात प्रामाणिक अवजार आहे. तबकडीवर 'डायव्हर्स' असं छापलेलं असतं. असं छापायचं तर प्रत्येक घड्याळ सांगितलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली तपासावं लागतं आणि काळोखात पंचवीस सेंटिमीटरवरून वेळ वाचता यावी लागते. चावी डावीकडे, आठच्या आकड्याशी. मनगट वाकवलं की ती हाताच्या पाठीत रुतत नाही, आणि हे सुख वापरल्याशिवाय कळत नाही. उणिवा दोन: काच साधी मिनरल आणि सेकंदकाटा थांबत नाही. मशीन हाताच्या हालचालीने, पण एकाच दिशेने भरतं, त्यामुळे हात झटकला की आतलं वजन दुसऱ्या दिशेने मोकळं भिरभिरतं आणि ते मनगटाला जाणवतं. कुणाला आवडतं, कुणाला नाही.

माझं मत: रोजच्या वापराला कामासू. तारकर्लीला दरवर्षी पाण्याखाली उतरणार असाल तर एनवाय००४०. आणि बजेट दहा हजारांच्या आत असेल तर ऑटोमॅटिकचा, म्हणजे मनगटाच्या हालचालीने भरणाऱ्या घड्याळाचा, हट्ट सोडा, कॅसिओचं ड्युरो घ्या. क्वार्ट्झ आहे, २०० मीटर आहे, वेळ या तिघांपेक्षा अचूक दाखवेल.

एक गोष्ट मात्र कुठल्याही डायव्हरला लागू. एका जूनमध्ये मी तारीख बदलली, चावी आत दाबली, पण फिरवून घट्ट केली नाही आणि भर पावसात निघालो. संध्याकाळी काचेच्या आत तीनच्या आकड्याशी धुक्याचा एक लहानसा ठिपका होता. घड्याळजींनी त्याच दिवशी उघडून वाळवलं म्हणून मशीन गंजलं नाही. २०० मीटर हा आकडा चावी घट्ट असेपर्यंतच खरा असतो.

जुनं सीको स्वस्तात मिळतंय म्हणून?

पाच-सहा हजारांत सत्तरच्या दशकातलं सीको ५, केशरी किंवा हिरव्या झगझगीत तबकडीचं. मोह होतोच. मलाही झाला. घरी भिंगाखाली धरलं तर नावाची अक्षरं फुगलेली, मिनिटांच्या रेघा कडेपर्यंत न पोचणाऱ्या, आणि सहाच्या आकड्याखाली जिथे बारीक क्रमांक हवा तिथे नुसता रंग. तबकडी नव्याने रंगवलेली होती. आपल्याकडे असं काम इतकं झालंय की जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना 'बॉम्बे स्पेशल' म्हणतात. घड्याळांवर प्रेम करणाऱ्या मुंबईकराला हे ऐकून वाईट वाटतं.

जुनं घ्यायचंच असेल तर मागचं झाकण बघा. तिथे चार-चार आकड्यांच्या दोन जोड्या असतात. पहिली मशीनची, दुसरी केसची. शिवाय अनुक्रमांक असतो. त्याचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. ४७ ने सुरू होत असेल तर जुलै १९७४ किंवा जुलै १९८४, आणि यातलं कुठलं ते मशीनच्या क्रमांकावरून कळतं. तबकडीच्या तळाशी मशीनचा तोच क्रमांक सापडला नाही, तर घड्याळ शांतपणे परत ठेवा.

लाखाच्या आसपास

इथे एसपीबी१४३ घेऊन बोलतो, कारण ते माझ्याकडे आहे. सीकोने १९६५ साली जपानचं पहिलं डायव्हर घड्याळ काढलं, १५० मीटरचं. ते जपानी अंटार्क्टिक मोहिमेतल्या लोकांच्या हातावर गेलं. २०२० चं एसपीबी१४३ हे त्याचंच आजचं रूप. ४०.५ मिलिमीटर रुंद, आणि पट्टा अडकवायच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४७.६. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. माझ्या सव्वासहा इंची मनगटावर ते बाहेर लोंबत नाही. मशीन ६आर३५, सत्तर तास चालतं. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी चालू असतं.

पण आकडे समोर ठेवून बघा. ६आर३५ ची कंपनीने सांगितलेली अचूकता दिवसाला २५ सेकंद पुढे ते १५ सेकंद मागे. कामासूच्या मशीनचीही तीच. म्हणजे जास्तीचे पैसे वेळेसाठी नाहीत. ते जातात केसच्या कोरीवपणासाठी, बसणीसाठी आणि त्यामागच्या गोष्टीसाठी. गोष्ट मोठी आहे हे मान्य. १९६८ साली हिरोशिमाजवळच्या कुरे शहरातल्या एका व्यावसायिक पाणबुड्याने सीकोला पत्र लिहिलं, की फार खोल, दिवसेंदिवस दाबाखाली राहून काम करताना तुमची घड्याळं टिकत नाहीत. कंपनी सात वर्षं त्या पत्रावर काम करत होती. १९७५ मध्ये टायटॅनियमचं, मागचं झाकणच नसलेलं ६०० मीटरचं घड्याळ आलं, ज्याला संग्राहक 'टूना' म्हणतात. ही परंपरा मनाला भिडत असेल तर मधली पायरी घ्या आणि समाधानाने वापरा. नुसतं 'कामासूपेक्षा चांगलं काहीतरी' हवंय म्हणून घेणार असाल, तर मी थांबायला सांगेन. तेच पैसे बाजूला टाका.

आणि मग ग्रँड सीको

१९६० मध्ये सुरू झालेलं हे नाव २०१७ पासून सीकोच्या छत्राबाहेर स्वतंत्र ब्रँड आहे. इथे खरी निवड मशीनची असते.

स्नोफ्लेक, म्हणजे एसबीजीए२११, स्प्रिंग ड्राइव्ह आहे. कल्पना सीकोचे इंजिनिअर योशिकाझु आकाहाने यांची, १९७७ ची. पहिलं घड्याळ बाजारात यायला १९९९ उजाडलं. यात सेल नाही. नेहमीसारखी स्प्रिंग चक्रांना ढकलते. शेवटचं चक्र सेकंदाला आठ वेळा फिरतं, फिरता फिरता इवलीशी वीज तयार करतं, त्या विजेवर क्वार्ट्झ स्फटिक जागा होतो आणि चुंबकाच्या ब्रेकने चक्राला आवरतो. टिकटिक होत नाही. निळा सेकंदकाटा संथ पाण्यावरून होडी जावी तसा सरकतो. महिन्याला १५ सेकंदांचा फरक, पूर्ण भरल्यावर ७२ तासांची चाल, आणि टायटॅनियममुळे चेनसकट वजन शंभर ग्रॅम. घामाच्या हवेत हा हलकेपणा फार मोलाचा.

मी घेतलं ते मात्र ९एफ क्वार्ट्झ. 'एवढे पैसे देऊन सेलचं घड्याळ?' असं घरातही विचारलं गेलं. ९एफ वर्षाला १० सेकंदांच्या आत राहतं. साधं क्वार्ट्झ जड काटे ओढू शकत नाही म्हणून त्याचे काटे पत्र्यासारखे असतात. ९एफ एका सेकंदासाठी मोटरला दोन ठोके देऊन जाड, पैलू पाडलेले काटे हलवतं. सेकंदकाटा खुणेवर येतो आणि थरथरत नाही, थांबतो. महिनाभर घातलं नाही तरी उचललं की वेळ बरोबर. ऑटोमॅटिक हवंच असेल तर हाय-बीट आहे, ताशी ३६,००० कंपनांचं. नुसत्या अचूकतेचं वेड असेल तर सिटिझनचं कॅलिबर ०१०० बघा. २०१९ चं, वर्षाला एक सेकंद.

सर्व्हिसिंगचा हिशोब आधीच करा. कामासू किंवा सीको ५ कुठलाही चांगला घड्याळजी उघडतो, जमलं नाही तर सबंध मशीन बदलतो. स्प्रिंग ड्राइव्ह गल्लीत कुणी उघडू नये, ते कंपनीकडेच जातं, तिथेच आठवडे राहतं आणि खर्चही त्याच पायरीचा असतो.

स्नोफ्लेक आणि ९एफ यांत अडकला असाल तर दुकानातल्या स्पॉटलाइटखाली ठरवू नका. तिथे सगळंच चमकतं. घड्याळ मागून घ्या आणि खिडकीशी न्या. केसच्या कडेला ट्यूबलाइटचं प्रतिबिंब धरून बघा, झारात्सू, म्हणजे आरशासारखं सपाट, पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर ती रेघ कुठेच वाकत नाही. मग स्नोफ्लेकची तबकडी किंचित कलती करा. तिला पांढरा रंग लावलेलाच नाही, तो शुभ्रपणा चांदीच्या मुलाम्यातून आलाय. सरळ उजेडात ती कागदासारखी सपाट दिसते, आणि उजेड आडवा पडला की भुसभुशीत बर्फावर वारा फिरल्यासारखे बारीक उंचवटे उमटतात.