"कंपनीला कळणारच नाही" म्हणाला, आणि मी ऐकलं

आधीच सांगतो, यात माझी पण चूक आहे, त्यामुळे शिव्या घालायच्या असतील तर अर्ध्या मला घाला. पण उरलेल्या अर्ध्या ज्याला घालायच्या त्या ट्यूनरने (गाडीची पॉवर वाढवून देणाऱ्याने) अजून दुकान बंद केलेलं नाही, आणि त्याच्यासारखे बरेच आहेत, म्हणून हे लिहितोय.

गाडी टर्बो डिझेल, १४ महिन्यांची, वॉरंटी ३ वर्षांची. गाडीत काहीही प्रॉब्लेम नव्हता, हे मुद्दाम लिहितोय. फक्त एका मित्राची रिमॅप केलेली, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधलं (ईसीयूमधलं) सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवलेली गाडी चालवून बघितली आणि डोक्यात किडा शिरला. त्याच्याकडे वॉरंटी संपलेली जुनी गाडी होती, तो बिनधास्त होता. मी नव्हतो, म्हणून ट्यूनरला पहिला प्रश्न हाच विचारला की वॉरंटीचं काय. तो हसून म्हणाला, दादा, टेन्शन घेऊ नका, सर्व्हिसला जायच्या आधी माझ्याकडे या, दहा मिनिटांत स्टॉक फाइल, म्हणजे कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर, परत टाकून देतो, कंपनीला कळणारच नाही.

या वाक्याला मी भुललो. आता विचार केला की वाटतं, तिथेच उठून यायला हवं होतं. कारण पकडले गेलो तर त्याचं काय जाणार होतं? काहीच नाही. इंजिन माझं, वॉरंटी माझी. आणि दुसरं, मला कंपनीला गंडवायचं होतं, त्याला ते दिसलं, आणि जो गंडवायला निघालाय त्याला गंडवणं सगळ्यात सोपं असतं, तो तक्रार कुठे करणार?

पॉवर वाढवायचा दुसरा मार्ग म्हणजे सेन्सरच्या वायरच्या मध्ये लावायचा बॉक्स, तो मी नको म्हटलं होतं. तो बॉक्स काय करतो तर सेन्सरचा खोटा आकडा ईसीयूला दाखवतो, रेलमधलं (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या पाइपमधलं) प्रेशर आहे त्यापेक्षा कमी आहे असं सांगतो, मग ईसीयू बिचारा प्रेशर वाढवत बसतो. मला ते जुगाड वाटलं. मला "कस्टम" पाहिजे होतं, खास माझ्या गाडीसाठी, डायनोवर (पॉवर मोजायच्या रोलरवर) चढवून केलेलं. त्याने पैसे पण कस्टमचेच घेतले. गाडी ठेवून दोन तास फिरून या म्हणाला, मी गेलो, परत आलो तर गाडी धुवून उभी आणि हातात रंगीत ग्राफ. आधीची पॉवर, नंतरची पॉवर, २८ टक्के वाढ.

तो ग्राफ नीट वाचला असता तरी वाचलो असतो. "आधी"चा आकडा अगदी तोच होता जो कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. आता कंपनी जो आकडा छापते तो इंजिनच्या क्रँकवरचा, म्हणजे थेट इंजिनमधून निघणाऱ्या पॉवरचा, आणि चाकांच्या डायनोवर मोजलं की गिअरबॉक्स, शाफ्ट, टायर यांच्यात पॉवर खर्च होऊन आकडा खाली येतो, साधारण १०-१५ टक्के तरी. त्या कागदावर तर स्पष्ट लिहिलेलं, चाकांवर मोजलेली पॉवर. म्हणजे माझी गाडी कंपनीने सांगितल्यापेक्षा आधीपासूनच जास्त ताकदवान होती की काय! हे मला चार महिन्यांनी सुचलं. तेव्हा मी ग्राफचा फोटो काढून चार जणांना पाठवला. त्या ग्राफमध्ये ३२०० आरपीएमच्या आसपास एक छोटासा खड्डा होता, तो लक्षात ठेवा.

पहिले दोन महिने मजा आली, खोटं कशाला बोलू. मग पाचव्या गिअरमध्ये जोरात दाबलं की आरपीएम वर जायचा पण गाडी तशी जायची नाही, म्हणजे क्लच घसरत होता. वाढलेला टॉर्क तेवढ्याच क्लचवर आणि त्याच फ्लायव्हीलवर येतो, ते कुणी बदललेले नसतात. मागून काळा धूर पण दिसायला लागला. विचारलं तर म्हणे पॉवर आली की धूर येतोच दादा. येत नसतो. काळा धूर म्हणजे जेवढी हवा आहे त्यापेक्षा डिझेल जास्त जातंय. ईसीयूमध्ये त्यासाठी मर्यादा घातलेली असते, हवा इतकी तर डिझेल इतकंच, आणि स्वस्तातली फाइल बनवणारा सगळ्यात आधी तीच वर सरकवतो कारण पॉवर तिथून फुकट मिळते. जास्त डिझेल टाकायचं तर इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवायचा, मग जाळ उशिरापर्यंत चालतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि टर्बो आणि पिस्टनचा माथा दोघं भाजतात. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो, आणि आतला जाळ २००० डिग्रीच्या वर असतो. तरी पिस्टन टिकतो कारण खालून त्याच्यावर तेलाची धार मारून उष्णता काढून घेतली जाते. तो हिशोब कंपनीने ठरावीक डिझेलसाठी केलेला असतो. (हे सगळं ज्ञान इंजिन गेल्यावर मिळालं, आधी मिळालं असतं तर काय पाहिजे होतं.)

गाडी गेली ती एका लांब चढावर, घरचे सगळे बरोबर, डिकी भरलेली. आधी दिवा लागला, मग गाडी लिंप मोडमध्ये गेली (इंजिन वाचवायला स्वतःच पॉवर कमी करते ते), मग एक ठकठक सुरू झाली जी मी अजून विसरलो नाही.

आता माझी हुशारी बघा. टोइंगवाल्याला सर्व्हिस सेंटरला नेऊ दिलं नाही, आधी ट्यूनरकडे नेली, ठरल्याप्रमाणे. त्याने स्टॉक फाइल टाकली, म्हणाला आता जा, बिनधास्त जा. गेलो. तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलेलं, आतून कॅमेरा टाकून बघितलं तर पिस्टनची कड वितळलेली. वॉरंटीत बसेल असं तिथला माणूस म्हणाला सुद्धा. मग त्यांनी ईसीयूचा डेटा कंपनीला पाठवला आणि तीन दिवसांनी फोन आला की साहेब, जरा समक्ष या.

तर झालं असं होतं. ईसीयूमध्ये कॅलिब्रेशनचा एक नंबर असतो, आणि आतल्या डेटावरून काढलेला एक पडताळणीचा आकडा असतो, त्याला सीव्हीएन म्हणतात, एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. कंपनीकडे कुठल्या चासी नंबरच्या गाडीत काय असायला पाहिजे याची नोंद असते. माझ्या गाडीत जी "स्टॉक" फाइल होती ती माझ्या गाडीचीच नव्हती! दुसऱ्या व्हेरिएंटची होती. शिवाय ईसीयू किती वेळा लिहिला गेला त्याची मोजणी आत होती, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा तो कंपनीच्या यंत्राने लिहिलेलाच नव्हता.

माझी मूळ फाइल गेली कुठे? तर ती त्याने कधी काढलीच नव्हती. बऱ्याच नव्या ईसीयूमधून गाडीतल्या तपासणीच्या (ओबीडी) पोर्टमधून फाइल वाचता येत नाही, फक्त लिहिता येते. मग हे लोक फक्त सॉफ्टवेअर नंबर वाचतात आणि फाइल लिहायचं टूल विकणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून त्या नंबरची फाइल मागवतात. ते पण नीट केलं तर चालतं. याने जवळपासचा नंबर बघून जे मिळालं ते टाकलं. आणि ट्यून केलेली फाइल पण तशीच कुठूनतरी विकत घेतलेली, त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांना सरसकट तीच. कस्टम नावाचं त्यात काहीच नव्हतं, डायनोवर गाडी चढलीच नव्हती. हे कसं कळलं? त्याचाच दुसरा एक गिऱ्हाईक भेटला, गाडी वेगळ्या कंपनीची, इंजिन वेगळं, त्याच्या ग्राफमध्ये पण ३२०० ला तोच खड्डा. फक्त आकडे बदलले होते.

मी मॅनेजरशी भांडलो. नेटवर वाचून गेलो होतो की कंपनीला मॉडिफिकेशनमुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. तो म्हणाला साहेब तुम्ही म्हणताय तो मॅग्नुसन-मॉस कायदा, १९७५ चा, अमेरिकेतला. आणि तिथे असतो तरी काय होणार होतं, डिझेलची मर्यादा वाढवली आणि पिस्टन वितळला, याच्यात सिद्ध करायला राहिलं काय? अलॉय व्हील लावली म्हणून पिस्टनचा क्लेम नाकारला असता तर भांडण्यात अर्थ होता.

पण एक गोष्ट बरी केली, नकार लेखी मागितला, कुठला पार्ट आणि काय कारण ते लिहून द्या म्हटलं. तोंडी ते "तुमची सगळी वॉरंटीच गेली" म्हणत होते, लेखी आलं तेव्हा इंजिन, टर्बो, क्लच, गिअरबॉक्स एवढंच आलं. दोन महिन्यांनी एसीचा कॉम्प्रेसर गेला तेव्हा पुन्हा तेच तुणतुणं, मी तो कागद समोर ठेवला, कॉम्प्रेसर वॉरंटीत बदलून मिळाला. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाचं तोंडी "सगळी गेली" ऐकून घरी येऊ नका.

ट्यूनरच्या पावतीवर "लाइफटाइम वॉरंटी" छापलंय. खाली बारीक अक्षरात आहे की ही फक्त सॉफ्टवेअरची, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या नुकसानीला आम्ही जबाबदार नाही, वापर फक्त रेस ट्रॅकवर. म्हणजे फाइल खराब झाली तर तीच फाइल पुन्हा टाकून देणार, आयुष्यभर! फोन केला तर म्हणतो तुम्ही गाडी नीट चालवली नसेल.

इन्शुरन्सवाल्यांना पण मी काही कळवलेलं नव्हतं. गाडीची पॉवर बदलली तर ते सांगायचं असतं, नाहीतर उद्या अपघात झाला की क्लेम अडकू शकतो. या सगळ्या गोंधळात अपघात झाला नाही एवढंच नशीब.

इंजिन माझ्या खर्चाने झालं. कंपनीकडून त्यांचं मूळ सॉफ्टवेअर टाकून घेतलं, त्याची नोंद मागून गाडीच्या कागदपत्रांना लावली, गाडी विकताना घेणाऱ्याला दाखवावी लागेल. ट्यूनरला शेवटचा मेसेज केला होता की माझी मूळ फाइल आणि दोन्ही डायनो रनचा कच्चा डेटा पाठव. दोन निळ्या टिक्स आल्या. त्याच संध्याकाळी त्याच्या स्टेटसला नवी गाडी, नवा ग्राफ. मी झूम करून बघितलं, ३२०० ला खड्डा आहे.