अश्वगंधाच्या कॅप्सूल: पाच महिन्यांनंतर

हे दोन महिन्यांपूर्वी लिहिलं असतं, तर नुसतं कौतुक केलं असतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत काहीच जाणवलं नाही, पण सहाव्या आठवड्यापासून रात्री सलग झोप लागायला लागली. स्क्वॉट ३० किलोवरून ४० वर गेले. अर्थात व्यायामही मी एक दिवस चुकवला नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय कॅप्सूलला देत नाही. २०१५च्या एका अभ्यासात ५७ पुरुषांपैकी रोज दोनदा ३०० मिलिग्रॅम अर्क घेणाऱ्यांची ताकद आठ आठवड्यांत इतरांपेक्षा जास्त वाढली होती. तेच वाचून मी सुरुवात केली. प्रतिकारशक्तीचं म्हणाल, तर सर्दी याही वेळी दोनदा झाली आणि नेहमीइतकेच दिवस टिकली.

मग छातीत धडधड सुरू झाली. व्यायामामुळे असेल म्हणून मी तीन आठवडे अंगावर काढलं. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी मी चार वर्षं घेते आणि टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा; थायरॉइडची संप्रेरकं जास्त झाली की तो खाली जातो) कायम २ ते ३ असायचा. तो ०.१ आला! अश्वगंधा थायरॉइडची संप्रेरकं वाढवू शकते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. म्हणजे गोळी एकीकडून आणि कॅप्सूल दुसरीकडून, एकच काम करत होत्या.

बाटलीवर याबद्दल एक शब्द नाही. 'अश्वगंधा ५०० मिलिग्रॅम', बस. पण ५०० मिलिग्रॅम कशाचे? साधं चूर्ण की अर्क? ५ टक्के विथॅनोलाइड्स (अश्वगंधातले मुख्य क्रियाशील घटक) असलेला अर्क असेल तर त्यात २५ मिलिग्रॅम विथॅनोलाइड्स येतात, चूर्णात कितीतरी कमी. मुळाचा की पानांचाही? पानांत विथाफेरिन ए हे पेशींना घातक ठरू शकणारं विथॅनोलाइड जास्त असतं. डोस ठरवायचा तरी कशावरून? कंपनीला मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच: 'मॅडम, नैसर्गिक आहे, काही होत नाही.' या उत्तराचा मला अजून राग येतो. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधावर बंदी घातली, ती काय उगाच? यकृताला इजा झालेले रुग्णही नोंदले गेले आहेत, म्हणून डॉक्टरांनी माझी यकृताची तपासणीही करून घेतली. ती नॉर्मल आली. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही बाटली उघडू नका.

कॅप्सूल बंद करून महिना झाला. धडधड थांबली आहे, टीएसएच पुन्हा तपासायला अजून दोन आठवडे आहेत. झोप मात्र परत तुटक झाली, आणि त्याचं खरंच वाईट वाटतं.