दीड हजार रुपयांचे सेमी-इन-इयर इयरबड्स: रोजच्या वापरात काय मिळते, काय सुटते

दीड हजार रुपयांच्या आसपास वायरलेस इयरबड्स घ्यायचे ठरवले, की ब्रँडच्याही आधी प्रश्न येतो तो आकाराचा. एका प्रकारात टोकाला सिलिकॉनची मऊ टोपी असते आणि ती कानाच्या नळीत शिरून नळी बंद करते. दुसऱ्या प्रकारात टोपीच नसते; प्लॅस्टिकचा गुळगुळीत भाग नळीच्या तोंडाशी, कानाच्या खोलगट भागात नुसता टेकून राहतो आणि खाली छोटी दांडी लोंबते. या दुसऱ्या प्रकाराला बाजारात सेमी-इन-इयर म्हणतात. गेले काही महिने मी या प्रकारातली एक जोडी घरी, कार्यालयात आणि लोकलमध्ये वापरत आहे आणि तुलनेसाठी जवळपास त्याच किमतीची सिलिकॉन टोपीची जोडीही हाताशी ठेवली आहे. मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतले मॉडेल वर्ष उलटायच्या आत बाजारातून जाते आणि त्याच साच्याचे दुसरे नव्या नावाने येते; त्यामुळे या प्रकाराकडून काय अपेक्षा ठेवावी, हेच सांगणे जास्त उपयोगाचे आहे.

हा आकार लोकांच्या परिचयाचा केला तो ॲपलने. २०१२ मध्ये आयफोन ५ सोबत वायरचे इयरपॉड्स आले आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये तोच आकार वायर काढून एअरपॉड्स म्हणून विक्रीला आला. भारतात रिअलमीने डिसेंबर २०१९ मध्ये याच वळणाचे बड्स एअर ३,९९९ रुपयांना आणले, मे २०२० मध्ये बड्स एअर निओ २,९९९ रुपयांना आणि ऑगस्ट २०२२ मध्ये वनप्लसने नॉर्ड बड्स सीई २,२९९ रुपयांना. आज दीड हजारांत, आणि सेलच्या दिवसांत हजाराच्याही आत, जे मिळते ते साधारण याच जातकुळीचे आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या छोट्या स्पीकरचा, आकडाही तोच, १३ मिलिमीटरच्या आसपासचा.

हा आकडा पाहून पुष्कळ जण फसतात. सिलिकॉन टोपीच्या इयरबड्समध्ये अनेकदा १० मिलिमीटरचा ड्रायव्हर असतो, तेव्हा १३ चा म्हणजे खर्ज अधिक दमदार, असा हिशेब मनात मांडला जातो. वस्तुस्थिती उलट आहे. कान बंद होत नसल्यामुळे खालच्या पट्टीचा आवाज फटीतून बाहेर निसटतो आणि ती तूट थोडीफार भरून काढण्यासाठीच ड्रायव्हर मोठा द्यावा लागतो. याची खात्री घरबसल्या करता येते. तबल्याचे एकल वादन लावावे आणि डग्ग्याकडे लक्ष द्यावे. इयरबड नेहमीसारखा टेकलेला असताना डग्ग्याची थाप कळते, पण तिच्या मागचा घुमारा आणि मनगट पुढे सरकवून काढलेली मींड अर्धीच ऐकू येते. दोन्ही इयरबड्स बोटांनी किंचित आत दाबून धरले, की तोच डग्गा एकदम भरून येतो, आणि बोटे काढली की पुन्हा पोकळ होतो. ड्रायव्हर तोच, गाणे तेच, फरक फक्त फटीचा. ॲपमध्ये जाऊन बेस वाढवला तर डग्गा फारसा सुधारत नाही, गायकाचा आवाज मात्र गढूळ होतो, असा माझ्या जोडीचा अनुभव आहे.

मधल्या पट्टीत मात्र ही जोडी चांगली आहे, आणि आपण दिवसभर जे ऐकतो त्यातले बरेचसे याच पट्टीतले असते. बातम्या, मुलाखती, अभिवाचन, भावगीते, जुन्या नाट्यपदांची ध्वनिमुद्रणे, हे सारे स्वच्छ ऐकू येते. हार्मोनिअमची साथ आणि गायकाचा आवाज एकमेकांत मिसळत नाहीत, शब्द सुटे कळतात. ढोलकीची चाटी खणखणीत वाजते, तिची धूम मात्र डग्ग्याच्याच वाटेने जाते. ज्यांच्या यादीत डीजेचे रिमिक्स आणि ढोल-ताशाच अधिक आहेत, त्यांनी सिलिकॉन टोपीचीच जोडी घ्यावी. त्या किमतीत ती या बाबतीत निर्विवाद सरस आहे.

मग हा प्रकार घ्यायचा कशासाठी? कान मोकळा राहतो, यासाठी. स्वयंपाकघरात काम करताना कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, दाराची बेल ऐकू येते, शेजारच्या टेबलावरून कोणी हाक मारली तर दुसऱ्यांदा मारावी लागत नाही. दुसरे कारण बोलताना जाणवते. कान बंद असला, की आपलाच आवाज हाडांमधून कानात पोचतो आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे आतच घुमतो. रांजणात तोंड घालून बोलल्यासारखे वाटते. चालताना पावलांचा आणि खाताना चावण्याचा आवाजही तसाच मोठा होतो. सेमी-इन-इयरमध्ये हा त्रास जवळजवळ नाही, म्हणून तासभर चालणाऱ्या ऑनलाइन बैठकीत हा प्रकार अधिक सुखाचा ठरतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत सिलिकॉनखाली कान घामेजतो, तेही येथे टळते. माझ्या आईला टोपीची जोडी पाच मिनिटे सहन झाली नाही, ही मात्र ती स्वतःहून मागून घेते.

लोकलमध्ये हाच गुण अवगुण होतो. गाडीचा खडखडाट, उद्घोषणा आणि डब्यातली बोलणी सरळ कानात येतात आणि त्यांच्यावर मात करण्यासाठी हात आपोआप आवाज वाढवतो. कार्यालयात मला निम्म्या आवाजात जे पुरेसे वाटते, ते दुसऱ्या वर्गाच्या डब्यात जवळपास शेवटच्या टोकाला नेले तरी अपुरे पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. तोच ९० डेसिबल झाला तर ही मुभा चार तासांवर येते. रोज दोन्ही वेळचा प्रवास मोठ्या आवाजात गाणी ऐकत करणाऱ्याचे चार तास आठवडा संपण्याच्या बरेच आधी संपतात. म्हणून विरार किंवा कर्जतहून रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ही जोडी सुचवणार नाही. लोकलमध्ये मी आता फक्त बोललेले कार्यक्रम ऐकतो, तेही गाडी स्थानकात उभी असेपर्यंतच नीट कळतात.

येथे खोक्यावरच्या एका मजकुराबद्दल सावध करायला हवे. ‘ईएनसी’ असे लिहिलेले दिसले, की गोंगाट कमी होणार असे ग्राहकाला वाटते, आणि दुकानदारही क्वचितच खुलासा करतो. ईएनसीचा संबंध माइकशी आहे: आपल्या बाजूचा गोंगाट पलीकडच्या माणसाला कमी ऐकू यावा, यासाठी ती सोय असते. आपल्या कानावर येणारा गोंगाट कमी करते ती एएनसी, आणि ती नीट चालण्यासाठी कान बऱ्यापैकी बंद असावा लागतो. उघड्या कानासाठी एएनसी बनवणे अशक्य नाही. ॲपलने २०२४ मध्ये एअरपॉड्स ४ च्या एका आवृत्तीत ती दिली, पण त्या आवृत्तीची भारतातली किंमत १७,९०० रुपये होती. दीड हजारांच्या सेमी-इन-इयरवर एएनसी लिहिलेले असेल, तर तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

माइकचे काम मात्र अपेक्षेपेक्षा बरे निघाले. दांडीचे टोक तोंडाच्या दिशेने असल्याचा फायदा होतो. पंख्याची घरघर, एसीचा आवाज, दूरवर चाललेला मिक्सर, असा एकसुरी गोंगाट ईएनसी बराच गाळते. त्या वेळी आपला आवाज थोडा पाण्यातून आल्यासारखा होतो, असे पलीकडच्यांचे म्हणणे, पण शब्द कळतात. गोंगाट बदलता असेल, म्हणजे शेजारी दोघे बोलत असतील किंवा रस्त्यावर हॉर्न वाजत असतील, तर ती गोंधळते. वाऱ्यापुढे तर ती हात टेकते. गच्चीवरून केलेल्या प्रत्येक कॉलमध्ये मला शेवटी फोन कानाला लावावा लागला.

लॅपटॉपवर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाणी ऐकताना ब्लूटूथवरून आवाज एकाच दिशेने, दोन्ही कानांसाठी वेगवेगळा येतो. माइक सुरू झाला, की बोलणे दोन्ही दिशांनी वाहू लागते आणि दर्जा घसरून फोनवरच्या बोलण्याइतका होतो. बैठक सुरू होताच आवाज अचानक चपटा झाला, म्हणजे इयरबड्स बिघडले असे नव्हे. बैठकीच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडला, तर कानातला आवाज पुष्कळदा पूर्ववत होतो. खोक्यावरच्या ब्लूटूथ ५.३ या आकड्याचा आवाजाच्या गोडीशी फारसा संबंध नाही. व्हिडिओ पाहताना ओठ आणि शब्द जुळतात, कारण बहुतेक प्लेअर तेवढा विलंब सांभाळून घेतात. गेममध्ये गोळी आधी सुटते आणि आवाज मागून येतो, गेम मोड लावल्यावरही थोडासा.

आता बसण्याबद्दल, कारण या प्रकाराचे खरे भवितव्य त्यावरच ठरते. सिलिकॉन टोप्या तीन मापांत येतात; येथे माप एकच, आणि कान ज्याचा त्याचा. माझ्या उजव्या कानात ही जोडी घट्ट राहते, डाव्या कानातून मान वाकवली की सरकते. सरकलेला इयरबड सावरायला बोट लावले, की स्पर्शाचे बटण दाबले जाते आणि गाणे थांबते, किंवा दोनदा लागले तर पुढचे सुरू होते. ज्या मॉडेलमध्ये स्पर्शाऐवजी दांडी चिमटीत दाबावी लागते, ते या कारणासाठी अधिक पसंत करावे. बाहेरून चढवायची रबरी आवरणे मिळतात. त्यांनी पकड सुधारते, पण मग चार्जिंगच्या डबीचे झाकण लागत नाही आणि दर वेळी ती काढावी लागतात. धावणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

बॅटरीविषयी थोडक्यात: ‘एकूण ४० तास’ हा आकडा डबीतल्या बॅटरीसह धरलेला असतो आणि तोही साधारण निम्म्या आवाजावर. एका चार्जवर गाणी सुमारे पाच तास चालतात, सलग कॉल असतील तर त्याहून बरेच कमी. आयपीएक्स४ म्हणजे घाम आणि पाण्याचे शिंतोडे चालतात. पाऊस अंगावर घेणे किंवा नळाखाली धुणे त्यात बसत नाही, आणि डबीला बहुधा तेवढेही संरक्षण नसते. एका बाजूचा आवाज हळूहळू कमी होत गेला, तर दुरुस्तीला धावण्याआधी जाळी पाहावी. येथे टोपी नसल्यामुळे मळ सरळ जाळीवर बसतो. कोरड्या मऊ ब्रशने, जाळीचे तोंड खाली धरून झटकला की आवाज परत येतो. टाचणी कधीही घालू नये.

किंमत ९०० ते १,३०० रुपये असेल, तर घर, कार्यालय आणि फोनवरचे बोलणे यांसाठी ही खरेदी रास्त आहे. १,८०० च्या पुढे गेली, की त्याच पैशांत एएनसी असलेली टोपीची जोडी मिळू लागते, आणि केवळ मोकळ्या कानासाठी तेवढे द्यायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे. वायरलेस इयरफोन भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. खोक्यावरचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहता येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीत खरेदी करणार असाल, तर कानात घालून पाहायला नमुन्याची जोडी आहे का, हे आधी विचारावे. ऑनलाइन घेताना ‘परतावा’ आणि ‘फक्त बदली’ यांतले काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे, कारण कानात न बसणाऱ्या जोडीच्या बदल्यात तीच जोडी पुन्हा आली, तर तिचा काहीच उपयोग नाही.