गाडीत ठेवायचा डिजिटल हवेचा पंप : भरण्यापेक्षा मोजण्यासाठी घ्यावा

मोटारीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा, दाबाचा आकडा पडद्यावर दाखवणारा आणि ठरवलेल्या आकड्याला पोहोचताच आपोआप बंद होणारा हवेचा पंप आता दोन-तीन हजार रुपयांत सहज मिळतो. वाटेत पंक्चर झाले तर उपयोगी पडेल, या हिशेबाने बहुतेक जण तो घेतात. बराच काळ वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की, तो मुख्यतः घरच्या पार्किंगमध्ये, सकाळी गाडी सुरू करण्याआधी, थंड टायरची हवा मोजण्यासाठी घ्यावा.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यातला दाब हा थंड टायरचा असतो. म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा जेमतेम दीड किलोमीटर चाललेली असावी. टायरमधले तापमान ५-६ अंश सेल्सिअसने वाढले की दाब साधारण एक पीएसआयने (पौंड प्रति चौरस इंच, हे दाबाचे एकक) वाढतो. त्यामुळे पुण्याहून निघून द्रुतगती मार्गावरच्या पेट्रोल पंपावर हवा पाहिली, तर ३३ च्या जागी ३६-३७ दिसणे स्वाभाविक आहे. तिथला मुलगा मात्र तत्परतेने जास्तीची हवा काढून ३३ करून देतो आणि रात्री टायर थंड झाले की तोच दाब ३० च्या आसपास उतरलेला असतो. पेट्रोल पंपावरची मोफत हवा ही चांगलीच सोय आहे. पण तिथवर पोहोचेपर्यंत टायर तापलेले असतात, शिवाय दिवसभर आपटल्या जाणाऱ्या गेजवर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न उरतोच.

वापरण्याची रीत सोपी आहे. व्हॉल्व्हचे टोपण काढून नळीचे पितळी तोंड आट्यांवर फिरवत बसवायचे. शेवटच्या दोन फेऱ्यांत थोडी हवा फुसकन निघते, तेव्हा हात न थांबवता ते पटकन घट्ट करावे. लगेच पडद्यावर आकडा येतो. बटणांनी ३३ ठरवले आणि यंत्र सुरू केले की, २८ वर आलेला टायर दोन मिनिटांच्या आत-बाहेर भरतो. एकक मात्र एकदा नीट पाहून घ्यावे, कारण २.३ बार, २३० किलोपास्कल आणि ३३ पीएसआय हा जवळजवळ एकच दाब आहे आणि चुकून बटण दाबले गेले तर एकक बदलून भलताच आकडा दिसतो. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा हा त्या टायरला सोसणारा कमाल दाब असतो. तो पाहून हवा भरू नये.

आता उणिवा. आवाज मोठा आहे. भल्या पहाटे सोसायटीच्या आवारात तो चालवताना शेजाऱ्यांची झोपमोड होणारच. दहा-बारा मिनिटे सलग चालला की तो इतका तापतो की थोडा विसावा द्यावाच लागतो, आणि नळीचे धातूचे तोंड उघड्या हाताने काढवत नाही. वायर मागच्या चाकापर्यंत जेमतेम पुरते. गाडी लांब असेल, तर घेण्यापूर्वी दुकानातच वायर ओढून पाहावी. पडद्यावरचा आकडा एकदा चांगल्या स्वतंत्र गेजशी ताडून घ्यावा, म्हणजे किती फरक गृहीत धरायचा ते कळते. एखाद्या पीएसआयचा फरक मी चालवून घेतो, त्याहून जास्त असेल तर पंप बदलून मागावा.

गाडीत हवेच्या दाबाची सूचना देणारा दिवा असताना हा खर्च कशाला, असे अनेकांना वाटते. पण तो दिवा धोका सांगण्यासाठी आहे. अमेरिकेतल्या नियमानुसार दाब शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी झाला की तो लागला पाहिजे. म्हणजे ३३ च्या टायरला तो २५ च्या सुमारास लागतो. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो आणि आकडे दिसतात, ते उत्तमच. पण जिथे एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकांच्या फिरण्याचा वेग ताडून अंदाज बांधला जातो, तिथे चारही टायरची हवा सारखीच उतरली तर ते लक्षात येईलच असे नाही. अशा गाडीत हवा भरल्यावर मेनूमध्ये जाऊन यंत्रणा रीसेट करावी लागते, आणि हे बरेच जण करत नाहीत. चांगला टायरही महिन्याला एक-दोन पीएसआय गमावतो, म्हणून महिन्यातून एकदा मोजणे आवश्यक आहे.

उन्हाळ्यात हवा मुद्दाम कमी ठेवावी, हा आपल्याकडचा सल्ला मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, रबर आतून तापते आणि टायर फुटण्याचा धोका उलट वाढतो. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरवर, मे महिन्यात, ताशी १२० च्या वेगाने जायचे असेल, तर तक्त्यातला दाबच ठेवावा आणि माणसे व सामान भरून असतील तर त्याच तक्त्यात पूर्ण भारासाठी दिलेला आकडा धरावा. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची मला गरज वाटत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि आधी नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये या पंपाने साधी हवा भरली तरी काही बिघडत नाही.

स्टेपनीही याच पंपाने तपासता येते. ती जर तात्पुरत्या वापराची अरुंद स्टेपनी असेल, तर तिच्यावर बहुधा ६० पीएसआय लिहिलेले असते. तिथवर पोहोचायला या पंपाला बराच वेळ लागतो, म्हणून ते काम प्रवासाच्या आदल्या दिवशी उरकावे. घरात दुचाकीही असेल, तर चार्जिंगवर चालणारा प्रकार घ्यावा. तो गाडीपासून लांब नेता येतो, मात्र त्याची बॅटरी अधूनमधून चार्ज करत राहावे लागते.