16 एमबीच्या कामाला 64 जीबीचा सर्व्हर

पुतण्याला मेनफ्रेम, म्हणजे बँकांसारख्या ठिकाणी चालणारे मोठे संगणक, शिकायचं म्हणून आम्ही इंदूरच्या भंवरकुआँमधल्या एका क्लासवाल्याकडे गेलो. त्यानं फी तर घेतलीच, वर पाऊण लाखाचं मशीन गळ्यात मारलं. "भिया, मेनफ्रेम है, लॅपटॉप पे थोड़ी चलेगा!" हे त्याचं पालुपद. 16 कोअरचा जुना झिऑन सर्व्हर, 64 जीबी रॅम आणि 'व्हर्च्युअल नेटवर्किंगसाठी' दोन पोर्टांचं नेटवर्क कार्ड, त्याचे पैसे निराळे.

चालवायचं होतं हर्क्युलिस. आयबीएमच्या मेनफ्रेमची नक्कल करणारं, 1999 पासूनचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यावर पोरं शिकतात ती एमव्हीएस 3.8जे ही मेनफ्रेमची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम 24 बिटांची. 16 एमबीच्या पुढची मेमरी तिला दिसतच नाही. कॉन्फिगरेशन फाइल उघडली की समोरच असतं: मेनसाइझ 16, नमसीपीयू 1, म्हणजे मेमरी 16 एमबी आणि प्रोसेसर एक. मशीनमध्ये 64 जीबी घाला नाहीतर 640, तिला काय त्याचं! कोअरचंही तेच. नकली प्रोसेसर एक, तर त्याचं काम एकाच थ्रेडवर चालतं. बाकीचे कोअर हातावर हात ठेवून बसतात, वेग ठरतो एका कोअरच्या दमावर. पुतण्याच्या साध्या लॅपटॉपवर मेनफ्रेमवरच्या कोबॉल भाषेतला तोच जॉब या धुडाच्या आधी संपला. धुडाच्या पंख्याची घरघर मात्र रामबागेत खालच्या काकूंना ऐकू जायची.

कार्डाची तर कमालच. हर्क्युलिसचं नेटवर्क लिनक्सवर टन-टॅप या आभासी नेटवर्क कार्डातून जातं, आणि ते लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्येच असतं. दुकानातून काय आणायचं? 3270 टर्मिनल, म्हणजे मेनफ्रेमवर काम करायचा पडदा, त्याच मशीनवरून जोडायला तर तेही लागत नाही.

सोबत पेनड्राइव्हवर 'ओरिजिनल झेड/ओएस', म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमची आजची सिस्टिम, दिली होती. झेड/ओएस आयबीएमच्या परवान्याशिवाय चालवता येत नाही. उद्या नोकरीच्या मुलाखतीत पोरगं अभिमानानं सांगायचं आणि गोत्यात यायचं. खऱ्या झेड/ओएसवर हात बसवायचा तर आयबीएमचं झेड एक्सप्लोर हे ऑनलाइन शिकायचं ठिकाण मोफत आहे.

पक्कं बिल मागितलं तेव्हा "जीएसटी अलग लगेगा" म्हणाला. हातात आली ती चिठ्ठी, वर नुसतं 'कंप्यूटर सेट'. पैसे बँकेतून गेले होते म्हणून ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार करताना दाखवायला काहीतरी होतं. आता तो मशीन निम्म्या किमतीत परत घ्यायला तयार झालाय, बहुधा पुढच्या पोराला विकायला.