शिरोलीतलं झिंक प्लेटिंग : चकाकी चोख, बेकिंग कच्चं

८.८ ग्रेडपर्यंतचे (ग्रेडचा आकडा जितका मोठा, तितका बोल्ट मजबूत) बोल्ट शिरोली एमआयडीसीतल्या या जॉबवर्कवाल्याकडे बिनधास्त टाकावेत. ८ मायक्रॉन सांगितलं तर ८ मायक्रॉनच मिळतं, आटे भरत नाहीत, नट बोटांनी फिरतो. माल तिसऱ्या दिवशी हातात.

१२.९ चे एलन बोल्ट मात्र इथे देऊ नका.

हीट ट्रीटमेंटची खपली (तापवल्याने वर धरलेला ऑक्साइडचा थर) काढायला माल हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीत जातो आणि अर्धा-अर्धा तास तिथेच राहतो. इनहिबिटर, म्हणजे ॲसिडला पोलाद खाऊ न देणारं रसायन, नाही. खपली संपली की ॲसिड पोलादाला लागतं, हायड्रोजन सुटतो आणि त्यातला थोडा आत शिरतो. प्लेटिंगच्या बाथमध्ये आणखी भर पडते, आणि वर बसलेला झिंकचा थर त्याला बाहेर पडू देत नाही. ८.८ चं पोलाद हे पचवतं. १२.९ चा कडकपणा ३८५ ते ४३५ व्हिकर्स (कडकपणा मोजायचं एकक), त्याला ते झेपत नाही. संध्याकाळी नीट टॉर्क दिलेल्या बोल्टचं डोकं सकाळी खाली पडलेलं असतं. तुटलेला भाग खडीसाखरेसारखा दाणेदार दिसतो.

पॉवर प्रेसवर लावलेल्या बोल्टचा प्रकार जास्त फसवा. हायड्रोजन तड्याच्या टोकाशी गोळा होतो आणि प्रत्येक स्ट्रोकला तडा नेहमीपेक्षा जास्त सरकतो. स्ट्रोक जितका संथ, तितका हायड्रोजनला तिथवर पोचायला वेळ. म्हणून भरभर चालणाऱ्या फटीग टेस्टमध्ये (पुन्हा पुन्हा ताण देऊन घेतलेल्या चाचणीत) पास झालेला बोल्ट संथ प्रेसवर दगा देऊ शकतो.

यावरचा उपाय बेकिंग, म्हणजे माल ओव्हनमध्ये तापवून हायड्रोजन बाहेर काढणं. ‘बेकिंग?’ विचारलं की ‘करतोय की!’ असं उत्तर येतं. करतात, पण दुसऱ्या दिवशी, दोन तास, तेही पॅसिव्हेशन (झिंकवरचा गंजरोधक रासायनिक थर) झाल्यावर. तिन्ही गोष्टी चुकीच्या. प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत माल ओव्हनमध्ये हवा, १९० ते २२० अंशांवर, १२.९ ला किमान ८ तास. शक्य तर त्याहून बरेच जास्त. पॅसिव्हेशन त्यानंतर, नाहीतर त्याचा थर उष्णतेने तडकतो आणि गंज लवकर धरतो. एकदा आत बारीक तडा गेला, की मग कितीही भाजा, तो सांधत नाही.

चलनावर नुसतं ‘बेकिंग केले’ असतं. ओव्हनचा वेळ-तापमान चार्ट मागितला तर मिळत नाही.

१२.९ ला झिंक लागतंच असेल तर ॲसिडऐवजी शॉट ब्लास्टिंग (बारीक छर्रे मारून सफाई) आणि वर झिंक फ्लेक कोटिंग (झिंकच्या बारीक चकत्यांचा रंगासारखा लेप) करून घ्या. त्यात वीजही नाही, प्लेटिंगचा बाथही नाही. दर जास्त पडतो. लॉट आधीच इथून आला असेल तर त्यातले काही बोल्ट जाड प्लेटमध्ये पूर्ण टॉर्कने आवळून ४८ तास तसेच ठेवा. एक जरी तुटला, तरी अख्खा लॉट भंगारात.