सुईचा तुकडा की रक्ताची नळी?

कर्करोगाचं निदान पक्कं करायचं तर आजही बहुतेकदा गाठीचा तुकडाच लागतो. पेशी कशा दिसतात, गाठ कोणत्या प्रकारची आहे, हे पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहूनच कळतं. रक्तातल्या डीएनएवरून ते कळत नाही.

मग रक्त तपासायचं कशाला? मरणाऱ्या पेशींचा डीएनए रक्तात सांडतो. रक्तात असा मोकळा डीएनए असतो, हे १९४८ सालीच दिसलं होतं. त्यातले गाठीच्या डीएनएचे तुकडे सिक्वेन्सिंगने, म्हणजे डीएनएचा क्रम वाचून, वेगळे ओळखता येतात. शिवाय ते रक्तात फार टिकत नाहीत, साधारण दोनेक तासांत निम्मे होतात. म्हणजे आजचं रक्त आजचीच स्थिती सांगतं. बायोप्सीचा, म्हणजे सुईने काढलेला, तुकडा मात्र त्या दिवसाचा, त्या जागेचा. फुप्फुसात सुई घालणं दर दोन महिन्यांनी कोण सोसणार? रक्त मात्र पुन्हा पुन्हा काढता येतं. औषधाला दाद न देणारं नवं म्युटेशन, म्हणजे डीएनएतला बदल, कधीकधी स्कॅनच्या आधी रक्तात दिसतं. देखरेखीसाठी माझं मत रक्तालाच.

निगेटिव्ह रिपोर्टवर मात्र निर्धास्त होऊ नये. लहान गाठ अनेकदा रक्तात पुरेसा डीएनए सोडतच नाही. म्हणूनच लवकर निदानाच्या बाबतीत ही चाचणी अजून लंगडी आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने फुप्फुसाच्या कर्करोगातल्या ईजीएफआर या जनुकाच्या म्युटेशनसाठी पहिली रक्तचाचणी मंजूर केली, तेव्हाही अट हीच होती: रक्तात काही सापडलं नाही, तर तुकडा तपासा. उलटाही घोळ होतो. वय वाढतं तशी रक्तपेशींतच म्युटेशनं साठतात आणि ती गाठीची वाटतात. पांढऱ्या पेशींचा डीएनए सोबत तपासला, तर हा घोळ बराच टळतो.